दिगूचा आहेर

माझा भाऊ दिगू जमिनीच्या चार बोटं वर राहायचा. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात राबून राबून गारठा त्याच्या हाडांत शिरला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. मग एकदा घरी फुटक्या रेडिओचं चुंबक पडलं होतं, त्यावर तो बसायला गेला तर बसताच येईना. चुंबकाने त्याला वर धरलं ते धरलंच.

कारखान्यात बर्फाच्या लादीखाली चेचलेला त्याचा पाय त्या क्षणी दुखायचा थांबला. पाय चेचला तेव्हा मालकाने शेकायला बर्फ पाठवला होता. फुकट.

"आत काही अडतच नाही गं, ताई," दिगू म्हणाला.

खरंच अडत नव्हतं. सकाळी आईने "जेवलास का?" विचारलं की ते त्याच्या अंगात गोल फिरत राहायचं. संध्याकाळी पाठीला कान लावला तरी तितकंच ताजं ऐकू यायचं. मी चुंबक दोरीने ओढायची, दिगू मागोमाग यायचा. तेवढ्यावर आमचं छान चाललं होतं.

पण आईने सत्यनारायण घातला. पत्रिकेत छापलं, 'कृपया आहेर आणू नये.' हे वाचून आपल्याकडे कुणी रिकाम्या हाताने आलंय का कधी? पाय चेचला तेव्हा ज्यांना आमचं घर सापडलं नव्हतं, ते सगळे झाडून आले. प्रत्येकाच्या हातात चुंबक.

"ते फुटकं काढ आधी, बरं दिसत नाही," आई म्हणाली. मी पहिला आहेर खाली सरकवून मगच ते काढलं आणि मुठीत धरलं.

आई कुंकू लावायची, आहेर घ्यायची, दिगूखाली ठेवायची. दिगू वीतभर वर गेला, मग हातभर. भिंतीतले खिळे निघून आले. पळी पातेल्यातून उठून ढिगाला चिकटली. दाराची कडी आपोआप लागली.

मी दिगूच्या पाठीला कान लावला. "जेवलास" ऐकू आलं. "का" ऐकू आला नाही.

"आई, बास कर. जास्त होतंय त्याला."

"आणि परत कसं देऊ? चारचौघांत अपमान करू का त्यांचा?"

शेवटी बारकूमामा पुढे झाले. ते लग्नांत डीजे लावतात. सगळ्यात मोठ्या स्पीकरचं परातीएवढं चुंबक त्यांनी आणलं होतं, वर नारळ ठेवून.

"भाच्याला आज आढ्याला टेकवतो बघा!"

"मामा, नको."

"तू गप गं. मामाचा मान आहे."

त्यांनी चुंबक ठेवलं आणि दिगू पडला. सगळा भार त्याच पायावर. तो ओरडला. मी पाठीला कान लावला. आत काहीच फिरत नव्हतं.

"एखादं कमी पडलं वाटतं," मामा म्हणाले.

मी वरचं चुंबक उपसायला गेले. निघेना. सगळे आहेर एकमेकांना घट्ट धरून बसले होते. कडीही निघेना. पाहुणे पुन्हा रांगेत उभे राहिले आणि आपापल्या पर्सची चुंबकाची बटणं उसवू लागले. आईने कुंकवाचा करंडा उघडला.

दिगूने पाय पोटाशी घेतला आणि माझ्यापुढे हात पसरला.

"ताई, तुझा आहेर राहिला."

माझी मूठ अजून बंद होती, आत ते रेडिओचं चुंबक. ती त्याच्याकडे सरकत चालली होती.