कडांचं गणित

जळगावच्या आमच्या दुकानात बियाणं, खत, पंप सगळं मिळायचं. फक्त फवारणीचं औषध नाही. आपण जैन, जीव मारायचा माल विकायचा नाही, हा माझ्या वडिलांचा, बाबूजींचा हट्ट. कपाशीवाले वैतागून समोरच्या दुकानात जायचे आणि माझं डोकं फिरायचं.

मी धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. एक्क्याण्णव साली रडारला चकवणाऱ्या विमानांनी बगदादवर बॉम्ब टाकले. सुट्टीत दुकानात बसून मी बाबूजींना त्यामागचं शास्त्र रंगून सांगत होतो. रडारच्या लहरी वस्तूच्या कडांवरून कशा विखुरतात, याचं गणित एका रशियन शास्त्रज्ञानं मांडलं होतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही म्हणून तिथल्या सरकारनं ते छापू दिलं. अमेरिकनांनी ते वाचलं आणि विमानाचा आकार ठरवायला वापरलं.

"माणसं किती मेली?" बाबूजींनी विचारलं.

"त्यात त्या शास्त्रज्ञाचा काय दोष?" मी तडकलो. "तो कुठं बॉम्ब टाकायला गेला होता?"

समोरच्या दुकानातून एक शेतकरी औषधाचा डबा घेऊन निघाला होता. बाबूजी त्याच्याकडे बघत राहिले.

"ते औषध विकलं असतं," ते म्हणाले, "तर फवारायला मी तरी कुठं जाणार होतो?"