खडा रुतलेली कातडी

मित्रांनो, मी गाडी पुसायची एक जुनी कातडी आहे. माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. तुमच्या गाड्या चमकाव्यात म्हणून जिने जन्मभर घाण प्यायली, तिच्या अंगाला वास येणारच.

मला कुणी जन्माला घातलं नाही, मला सोलून काढलं. एका मेंढीच्या गळ्यावरून सुरी फिरली, आणि ती थंड व्हायच्या आत मी तिच्यापासून ओढली गेले. मला चुन्यात टाकलं, लोकर उपटली, पात्याने जाडीतून चिरून माझे दोन पदर केले. वरचा पदर कुणाच्या हातमोज्यांत गेला. आतला पदर म्हणजे मी. मग माझ्यावर माशाचं तेल ओतून मला लाकडी हातोड्यांखाली कुटलं. इतकं कुटलं की माझ्यातला सगळा विरोध संपला. त्यालाच माणसं मऊपणा म्हणतात.

तिथून मी आले क्लोपेनबुर्ग या जर्मन गावाच्या वेशीवर, हिनर्क ब्योकमानच्या गाड्या धुण्याच्या अंगणात. खोटं कशाला सांगू, त्या मुलखात हिनर्कसारखी गाडी कुणी पुसत नसे. मला भिजवून पिळायचा, ओल्या बॉनेटवर चादरीसारखी पसरायचा आणि दोन कोपरे धरून अलगद आपल्याकडे ओढायचा. मागे पाण्याचा थेंब राहत नसे, पट्टा उमटत नसे. "रगडायचं नाही. तिचं तिचं वजन पुरतं," असं तो प्रत्येक नव्या माणसाला सांगे. आणि त्याचा एक कडक नियम होता. जमिनीवर पडलेली कातडी पुन्हा रंगाला लावायची नाही. तिची रवानगी थेट चाकांच्या बादलीत.

त्याच हिनर्कला दुसरीही एक सवय होती. मला पिळून दोरी करायची आणि कामात वाकलेल्या माणसाच्या पोटरीवर सट्‌दिशी ओढायची. वळ उठायचा. सगळे हसायचे. ज्याला लागलं तोही हसायचा, कारण हसला नाही तर दुसरा बसायचा. मित्रांनो, याला तिथे गंमत म्हणत. मी त्या गमतीचं टोक होते, म्हणून मला ठाऊक आहे तिच्यात किती गंमत होती.

मग वीबके टोलेन आली. चाळिशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची बाई. कित्येक वर्षं ती गावाबाहेरच्या कत्तलखान्यात आकड्यांवरून सरकत येणाऱ्या डुकरांची कातडी ओढत होती. तिच्या हाताचा वास मी पहिल्याच दिवशी ओळखला आणि आक्रसले. पण तिला तिथे परत जायचं नव्हतं. रात्री मिटलेल्या मुठी सकाळी उघडत नसत, एक एक बोट दुसऱ्या हाताने सोडवावं लागे. हिनर्कने तिला जत्रेपर्यंत कच्चं ठेवलं होतं. जत्रेच्या राजाची काळी गाडी तिच्या हातून आरशासारखी निघाली तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा डुकरं.

त्यांच्याकडे उन्हाळ्यात नेमबाजीची जत्रा असते. खांबावरचा लाकडी पक्षी जो पाडेल तो वर्षभराचा राजा. त्याची मिरवणूक उघड्या गाडीतून निघते, आणि गाडी काळी असली की सगळं गाव तिच्यात तोंड बघतं.

वीबके पहिल्यांदा मला घेऊन गाडीच्या दारावर तुटून पडली. रगडलं, खरवडलं, घाम गाळला. दारावर पट्टेच पट्टे.

"ए खाटकीणबाई!" हिनर्क ओरडला. "गाडी आहे ती! तिची कातडी सोलायची नाहीये! दाब सोड!"

"सवय आहे हो मालक, जोर आपोआप लागतो."

"मग सवय जाळ!" आणि सट्, पोटरीवर.

मेणाचंही तेच. पावावर लोणी फासावं तसं तिने जाड मेण फासलं, तेही उन्हात तापलेल्या पत्र्यावर. ते असं वाळलं की गाय चाटून गेल्यासारखी गाडी दिसायला लागली. पुन्हा सट्. पण बाई चिवट. गाडी सावलीत घेऊन आधी थंड होऊ द्यायला शिकली. मेण बोटभर घेऊन पुसटसं लावायला शिकली. मला पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्यात खंगाळायला शिकली. सगळ्यात अवघड होतं ते जोर न लावणं. ओठ हलवत ती स्वतःलाच बजावायची, "दाब सोड, दाब सोड." आणि एके दिवशी तिने मला ओढलं आणि मला काही जाणवलंच नाही. इतक्या हलक्या हाताने मला त्याआधी कुणी धरलं नव्हतं.

जत्रेच्या सकाळी काळी गाडी तयार झाली. त्या वर्षीचा राजा म्हणजे बेकरीवाला आल्विन, छातीवर चांदीच्या पदकांची साखळी घालून लवकरच आला.

"काका, ती साखळी गाडीपासून लांब धरा. नाहीतर राजेशाही इथेच संपवीन," वीबके म्हणाली.

"अगं, मी श्वाससुद्धा लांबूनच घेतोय," आल्विन हसला. "बॉनेटमध्ये मला माझ्या नाकातले केस दिसतायत."

तेवढ्यात हिनर्क आला. सकाळपासून प्यालेला, डोळे तांबारलेले. त्याने गाडीभोवती फेरी मारली. खोट सापडेना. खोट सापडली नाही की असली माणसं बिथरतात. त्याने वीबकेच्या हातातून मला हिसकावलं, पिळलं आणि या वेळी पोटरीवर नाही, तिच्या तोंडावर ओढलं. माझ्या टोकाने तिचा गाल फाटला. त्याच्या हातून निसटून मी खडीवर पडले. ओल्या अंगात रेती, कच, बारीक दगड रुतले.

"आणि हा थेंब काय तुझा बाप पुसणार?" माझ्यातून बॉनेटवर उडालेला थेंब दाखवत त्याने मला उचललं, न झटकता, न धुता, आणि बॉनेटवर गरागरा फिरवलं.

माझ्या पोटातून कर्रकन आवाज आला. काळ्या आरशावर पांढऱ्या ओरखड्यांचं जाळं उठलं.

हिनर्कने ते पाहिलं. मग ओरडला, "काय केलंस हे, रांडे!" आणि त्याने हात उगारला.

तो हात खाली आलाच नाही. वीबकेने मनगट हवेतच धरलं, पिरगाळलं, खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. तिने त्याला बॉनेटवर आडवा आपटला. त्याच्या पट्ट्याच्या बकलाने आणखी एक रेघ ओढली, नाकातलं रक्त मेणावरून ओघळलं. तिचा अंगठा त्याच्या गळ्यावर नेमक्या जागी गेला. डुकराची शीर तिथेच असते. माणसाचीही तिथेच.

"बघ," ती म्हणाली. "दिसतंय ना तोंड? कुणी केलं हे? बोल."

हिनर्क पाय झाडू लागला. मला माझी मेंढी आठवली.

आल्विन पुढे आला. त्याने तिला हात लावला नाही. फक्त म्हणाला, "वीबके. पोरी, दाब सोड."

मग तिच्या बोटांतला जोर उतरत गेला, जसा तो गाडी पुसताना उतरायला शिकला होता. हिनर्क खोकत जमिनीवर घसरला.

"चालती हो," तो घरघरला. "जा डुकरांत मर." मग आल्विनकडे वळून, "राजे, मी फांद्यांची माळ टाकतो बॉनेटवर. झाकून जाईल."

"माळ नको," आल्विन म्हणाला. "गावाला बघू दे."

आणि तो तशीच ओरखडलेली गाडी घेऊन मिरवला. कोपऱ्याकोपऱ्यावर लोक विचारत होते, आणि तो प्रत्येकाला सांगत होता.

त्याने हिनर्कचा धंदा बसला असं समजू नका. हात गळ्यात बांधून तो पुढच्याच आठवड्यात कामाला लागला. गिऱ्हाइकांना चमक हवी असते, वळ कुणी मोजत नाही. पण वीबके कत्तलखान्यात गेली नाही. आल्विनने बेकरीमागची पावाच्या गाडीची शेड तिला दिली, आणि तिथली तिची पहिली गाडी तीच काळी होती. गालाला टाके असताना तिने ते ओरखडे उतरवले.

जाताना तिने मला उचलून नेलं होतं. सात पाण्यांनी धुतलं, साबण लावला, तरी माझ्या पोटातला एक खडा निघाला नाही. नियम म्हणजे नियम. आता मी चाकांच्या बादलीत असते. चाकं पुसते, काळी होते, सावलीत वाळते. रंगाला मला कुणी लावत नाही, आणि ते बरोबरच आहे.

मित्रांनो, कातडी धुऊन ठेवा, उन्हात कडक होऊ देऊ नका. आणि मारायला तर तिला कधीच उचलू नका. तुम्ही ज्याला खडीवर आपटता, त्याच्या पोटात खडा जातो. तो तुम्हाला दिसत नाही. नंतर त्यालाच तुम्ही आपल्या सगळ्यात लाडक्या वस्तूवर फिरवता, आणि ओरखडा उठला की विचारता, हे कुणी केलं?