पाण्यात उतरायची तारीख

टर्र.

सकाळी साडेपाचला, सगळं घर निजलेलं असताना, एवढाच आवाज होतो. भागीरथीबाई कालचं पान फाडतात आणि माझ्या अंगावर आजचा दिवस उघडतो. मित्रांनो, मी तंजावूरच्या एका जुन्या मराठी घरातल्या भिंतीवरचा तारखांचा पुठ्ठा. आता जुना झालोय. माझे कोपरे मऊ पडलेत आणि माझ्यावरच्या लक्ष्मीचा लाल शालू उन्हानं गुलाबी झालाय.

माझा जन्म शिवकाशीच्या छापखान्यातला. माझ्यावर देवीचं चित्र छापलं, खाली एका औषधाच्या दुकानाचं नाव घातलं आणि पोटाशी वर्षभराच्या पानांचा गठ्ठा ठोकला. प्रत्येक पानावर तमिळ महिना, नक्षत्र, राहुकाळ आणि चांगली वेळ. त्या दुकानात भागीरथीबाईंचा मुलगा कार्तिक कामाला होता. त्यानं मला घरी आणलं आणि स्वतःच्या हातानं खिळा मारला.

"तिरका लावलास रे," भागीरथीबाई म्हणाल्या.

"मान जरा वाकडी कर आई, सरळ दिसेल."

माझ्यासारख्यांचं आयुष्य एका वर्षाचं असतं. मला जास्त मिळालं, त्याचं कारण सुखाचं नाही. पोंगल सणाचा शेवटचा दिवस म्हणजे काणुम पोंगल. त्या दिवशी लोक भाताचे डबे घेऊन नदीवर जातात. सहा वर्षांपूर्वी कार्तिकही मित्रांबरोबर वेण्णारच्या काठी गेला. कुणाची तरी चप्पल वाहून चालली होती, ती आणायला उतरला. दीड दिवसानं त्याला वर आणलं. चोवीस वर्षांचा होता.

त्यानंतर भागीरथीबाई लेकीकडे राहायला आल्या. येताना दोन ट्रंका आणल्या आणि मला आणलं. दर वर्षी जावई साईराम नवा गठ्ठा आणून माझ्यावर बसवतात. आणि दर वर्षी काणुम पोंगलच्या सकाळी भागीरथीबाई पान फाडत नाहीत. तो दिवस या घरात उघडतच नाही. दुसऱ्या दिवशी दोन पानं एकदम निघतात.

लेक दिव्यश्री कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिची मुलगी हरिता सात वर्षांची. या मुलीला पाण्याचं भय. शनिवारी तेल लावून न्हायला घातलं की ती तांब्याकडे बघून रडायची. डोळ्यांवर पाणी आलं की श्वास धरून निळी पडायची. "नदीकडे जायचं नाही, तळ्याकडे बघायचं नाही," हे आजीचं बोलणं तिनं वरणभाताबरोबर खाल्लं होतं. दिव्यश्री ते बघत होती. म्हणून ती आधी गुपचूप पोहायला शिकली. बायकांच्या तासाला जायची आणि घरी सांगायची, योगासनं करून येते.

"योगासनांनी केस ओले होतात का गे?" भागीरथीबाईंनी एकदा विचारलं. दिव्यश्री म्हणाली, "घाम येतो आई."

मग एक दिवस जेवताना तिनं सांगून टाकलं. स्कूबा शिकायचंय. पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्राच्या तळाशी जायचं. नवख्यांसाठी चार दिवसांचा वर्ग असतो, दोन दिवस पोहण्याच्या तलावात आणि दोन समुद्रात.

भागीरथीबाईंचा हात ताटातच राहिला.

"तळाशी काय असतं ते मला एकदा बघायचंय आई. सहा वर्षं मी डोळे मिटले की तेच बघते. खरं काय असतं ते तरी बघू दे. आणि हरिताला सांगता येईल असं काही तरी घेऊन येते."

पुढचा महिनाभर घरात कुठं आणि कधी, हेच चाललं. अंदमानचं पाणी काचेसारखं, पण विमानानं जायचं, आणि हरिताला ताप आला तर चटकन परत येता येत नाही. साईराम म्हणाले, "मालवणला जा. तिथं मराठी चालते."

"माझी मराठी ऐकून विचारतील, कुठल्या राजाच्या काळातून आलात बाई?"

"मग सांग, अजून तिथंच राहतो."

शेवटी पुदुच्चेरी ठरलं. बसनं अर्ध्या दिवसाच्या आत घर गाठता येतं, एवढ्या एकाच गोष्टीवर. राहिलं ते कधी. तेव्हा भागीरथीबाई उठून माझ्यासमोर आल्या.

मित्रांनो, इथं माझा अपराध घडला. नवं काम आडी महिन्यात सुरू करायचं नाही, मार्गळीत करायचं नाही, हे इकडे घरोघर पाळतात. भागीरथीबाईंनी दीपावलीच्या सुट्टीतली पानं बोटानं उचलून पाहिली. वाढता चंद्र, चांगलं नक्षत्र, सकाळी चांगली वेळ. "जायचंच असेल तर या दिवशी जा," त्या म्हणाल्या. दिव्यश्रीला आईचा होकार हवा होता. तो मिळाल्यावर तिनं दुसरं काही विचारलं नाही. तो ऐप्पसी महिना. आमच्या किनाऱ्यावर खरा पाऊस तेव्हाच येतो आणि समुद्र चहासारखा गढूळ होतो. माझ्या पानावर ते कुठंच छापलेलं नव्हतं.

तलावातले दोन दिवस पार पडले. तिसऱ्या दिवशी होडी बंदरातून बाहेरच पडली नाही, चौथ्याही दिवशी नाही. शिकवणारी भुवना कोळ्याच्या घरातली. तिनं विचारलं, "अक्का, या महिन्यात कोण येतं? तारीख कुणी काढली?"

"भिंतीवरनं काढली," दिव्यश्री म्हणाली.

घरी येऊन तिनं हे हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. भागीरथीबाईंनाही नाही. "समुद्रानं नको म्हटलं," त्या म्हणाल्या. "झालं तेवढं पुरे."

पण अर्धा राहिलेला वर्ग सहा महिन्यांत पुरा करायची अट होती. समुद्र पोंगलच्या सुमारास निवळतो, असं भुवनानं फोनवर सांगितलं. आठवडा आधी पाणी बघून पक्कं कळवते म्हणाली. त्यानंतर कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा, मग हरिताची परीक्षा. सुट्टी होती ती पोंगलचीच. समुद्रातले दोन दिवस पडत होते शुक्रवार आणि शनिवार. तो शनिवार म्हणजे काणुम पोंगल.

भागीरथीबाई भाजी निवडत होत्या. "कोणताही दिवस घे. तो दिवस नको."

"मी तो निवडला नाही आई. पण त्याच्यासाठी सोडलं तर मी पुन्हा कधी जाणार नाही. मला माझं ठाऊक आहे."

"आणि मला माझं नाही ठाऊक?"

त्यानंतर दोन दिवस त्या लेकीशी बोलल्या नाहीत. वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. साईराम एकदा म्हणाले, "आई, पाणी बघूनच जाणार आहे ती." त्यांच्या ताटात आणखी एक डाव भात पडला.

पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, घरातल्या जुन्या वस्तू बाहेर काढून जाळतात. फुटकी टोपली गेली, जुनी चटई गेली. भागीरथीबाईंनी मला खिळ्यावरून उतरवलं. माझी वेळ आली असं मला वाटलं. हरितानंही विचारलं, "पाट्टी, हा पण?"

"नाही गे कण्णा. जरा उजेडात बघायचंय."

त्या दारात बसल्या आणि पुढची पानं उचलून शनिवारचं पान त्यांनी काढलं. सहा वर्षांत ते पान त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मग बॅग भरणाऱ्या लेकीला तिथूनच विचारलं, "किती वाजता उतरणार?"

दिव्यश्रीचे हात थांबले. "साडेनऊला."

"शनिवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ. साडेदहानंतर उतर."

"उशीर झाला की वारा सुटतो आई, लाटा वाढतात. भुवना म्हणते सकाळीच."

बाहेर कुणाच्या तरी भोगीचा धूर गल्लीतून चालला होता. भागीरथीबाईंनी पानावरच्या राहुकाळाच्या छापील ओळीवर बोट ठेवलं. त्या राहुकाळात दूध नासू देतील पण गॅस नवा पेटवणार नाहीत, हे मला माहीत होतं.

"मग तिचं ऐक," त्या म्हणाल्या. "पाण्याजवळ राहणारी आहे ती. हा आपला कागद."

मला वाईट वाटलं नाही. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी पदरानं माझ्यावरची धूळ पुसली आणि मला परत खिळ्यावर लावलं.

शनिवारी सकाळी साडेपाचला पान फाटलं. तो दिवस माझ्या अंगावर उघडला. नऊनंतर भागीरथीबाई माझ्यासमोरच उभ्या राहिल्या, हातात जपमाळ, पण मणी एकही सरकला नाही. साडेअकराला साईरामांच्या फोनवर फोटो आला. होडीवर दिव्यश्री, कपाळावर काचेच्या मुखवट्याचा वळ, दात दिसताहेत. भागीरथीबाईंनी फोटो डोळ्यांजवळ धरला.

"केस पुसायला सांग तिला," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

मित्रांनो, आता माझं मागणं. मला वापरा, पण मला जे ठाऊक नाही ते माझ्यावर लादू नका. समुद्राकडे शिकायला जायचं असेल तर तिथल्या माणसाला विचारा: कोणत्या महिन्यात पाणी निवळतं, कोणत्या वेळी वारा पडतो, वर्गात किती जणांमागे एक शिकवणारा असतो. तो थांबा म्हणाला की थांबा. वर्ष संपल्यावर मला कावेरीत सोडू नका. माझ्यावर देवीचं चित्र आहे हे खरं, पण नदीला पुठ्ठा नको असतो. आणि घरात कुणी एखादं पान फाडत नसेल, तर त्यांना घाई करू नका.

एक सांगायचं राहिलं. रविवारी दुपारी दिव्यश्री परत आली. जेवण झाल्यावर माझ्या खालीच जमिनीवर बसून ती हरिताला सांगत होती. खाली आपल्या श्वासाचाच आवाज येतो. पट्ट्यापट्ट्यांचे मासे हाताजवळून जातात, घाबरत नाहीत. आजी भिंतीला टेकून डोळे मिटून होती, पण झोपली नव्हती.

"आणि हवा संपली तर?" हरितानं विचारलं.

"एकटं कुणी जातच नाही कण्णा. जोडीनं जायचं. एकाची हवा संपली तर त्यानं असा हात गळ्याजवळ न्यायचा. मग दुसरा आपल्या टाकीतली देतो. दोघं एकाच टाकीतनं श्वास घेत हळूहळू वर येतात. आम्ही करून बघितलं."

हरितानं हात गळ्याजवळ नेऊन पाहिला. मग तो तिथंच ठेवून तिनं आईकडे पाहिलं.

"अम्मा, मग मामाला कुणी का नाही दिली?"