एर्लिंडाबाईंचा वाडगा

अहल्याबाई तशा मनाने मोठ्या. शिवाशिव, सोवळंओवळं असलं काही त्यांच्या बडोद्याच्या मांजलपूरमधल्या फ्लॅटमध्ये नव्हतं. पण उष्ट्याचं नाव काढलंत की संपलं! वाढताना डाव ताटाला लागला तर डाव आधी धुवायचा, मग पुढे वाढायचं. जयवंतराव बाजव्याच्या रिफायनरीत तीस वर्षं हुकूम सोडून रिटायर झालेले, पण पाणीपुरीच्या लारीवर बायकोच्या द्रोणाला हात लावायची त्यांची टाप नव्हती.

आणि अशा बाईची एकुलती एक लेक, कौमुदी, जाऊन बसली होती पेरू देशात, ॲमेझॉनच्या जंगलातल्या नदीकाठच्या एका गावात. होम सायन्सला आहारशास्त्र शिकलेली मुलगी. तिथली लेकरं काय खातात आणि त्यांच्या अंगी का लागत नाही, याचा वर्षभर अभ्यास करायचा होता तिला.

गाव म्हणजे खांबांवर उभी पंचवीस-तीस घरं. वर झावळ्यांचं छप्पर, खाली फळ्यांची जमीन, आणि भिंती असल्या तर असल्या. पावसाळ्यात नदी चढली की पाणी फळ्यांखाली येऊन खळखळायचं, कोंबड्या तराफ्यावर जायच्या आणि शेजारी मीठ मागायलासुद्धा होडी काढावी लागायची. वीज नाही. शाळेवर सोलरची पाटी आणि इंटरनेटची छत्री होती, आणि कौमुदीची खोली शाळेच्या मागेच होती म्हणून बडोद्याला लेकीचं तोंड तरी दिसायचं. इथे सकाळ असायची तेव्हा तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ.

त्या सकाळी फोन लागला आणि अहल्याबाई पडद्यावर वाकल्या. लेकीचे डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले.

"मलेरिया झाला होता," कौमुदी म्हणाली. "गोळ्या घेतल्यात. ताप उतरलाय. पण उठवत नाहीये गं आई. कालपासून पाणी उकळलेलं नाही. काही शिजवलेलं नाही."

"मग जवळ कोण आहे?"

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे? अख्खं गाव आहे ना तिथे!"

कौमुदी रडायलाच लागली. आणि मग रडत रडत सगळं बाहेर आलं. गाव तिच्याशी धड बोलतच नव्हतं. तिथे दर घरी मसातो नावाचं पेय करतात. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो ना, तोच कंद उकडायचा, ठेचायचा, आणि बायकांनी बसून तो तोंडात घोळवून, चावून परत भांड्यात टाकायचा. मग तो आंबतो. घरी आलेल्याला पहिला वाडगा त्याचाच. कौमुदीने पहिल्याच दिवशी शेजारच्या एर्लिंडा नावाच्या म्हातारीला तो चावताना पाहिलं, आणि वाडगा पुढे आला तेव्हा हात जोडून "नको" म्हणाली. दुसऱ्या घरीही नको. तिसऱ्याही. लोकांच्या खाण्याचा अभ्यास करायला गेलेली बाई, आणि त्यांच्या घरचा घोट घेईना! काय म्हणावं याला?

"शाळेच्या मास्तरांनी शहरात जाताना मला सांगितलं," कौमुदी म्हणाली. "इथे वाडगा नाकारला म्हणजे तुम्ही मला नकोत, असं होतं. ते रागावलेले नाहीत. हिला आपण नको आहोत तर उगाच कशाला त्रास द्या, म्हणून लांब राहतात. आता नदीला इतका लोंढा आहे की बोट येणार नाही म्हणे आठवडाभर तरी."

जयवंतराव उठून येरझाऱ्या घालायला लागले. "एम्बसीला फोन लावतो. हेलिकॉप्टर मागवा म्हणावं. हे काय चाललंय काय!"

"तुम्ही गप्प बसा हो जरा," अहल्याबाई म्हणाल्या.

त्यांना गाव पटकन कळलं होतं. सोसायटीतल्या मैथिलीने एकदा त्यांच्या हळदीकुंकवाचं वाण "राहू द्या" म्हणून परत केलं, तेव्हा पुढची दोन वर्षं अहल्याबाई तिच्या दाराशी फिरकल्या नव्हत्या. राग नव्हता हो. पण ज्याला आपण नकोत त्याच्याकडे कशाला जायचं? त्या एर्लिंडाबाईच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"ती म्हातारी आत्ता कुठे आहे?"

"समोरच्या घरात. चुलीपाशी दिसतेय."

"हाक मार तिला. वाडगा माग."

"आई, अगं थुंकलेलं असतं ते. उष्टं. तूच तर..."

"मीच शिकवलं, कबूल! आता मीच सांगतेय, पी." अहल्याबाईंचा आवाज चढला. "शाळेत मैत्रिणीला चिक्की द्यायचीस तेव्हा फ्रॉकच्या टोकात धरून तोडायचीस ना? चिमणीच्या दातांनी तोडलं की उष्टं होत नाही म्हणून? मग त्या म्हातारीचे दात चिमणीचे समज आणि डोळे मीट."

"ते खोटं असायचं गं."

"खोटं कसलं! आणि ऐक. तू दहा महिन्यांची असताना काही गिळत नव्हतीस. भाकरी चावून मऊ करून मी तुझ्या तोंडात घालायची. सासूबाईंची नजर चुकवून, रोज. तेव्हा नाही विटाळलीस ती! कौमू, अगं आई जे चावून देते ते..."

फोन कापला गेला. परत लावला, लागेना. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत राहिलं.

तो दिवस कसा गेला ते अहल्याबाईंनाच माहीत. कुकर लावला आणि गॅस पेटवायला विसरल्या. शेजारच्या योगिनीबेन डाळतांदळाचा ताजा हांडवो घेऊन आल्या, "शुं थयुं, अहल्याबेन?" म्हणून काय झालं ते विचारू लागल्या, तर बाईंनी हांडवो घेऊन दार लोटलं. लेकीने ऐकलं असेल का? हाक मारायचं तरी त्राण असेल का? आणि हाक मारलीच, अन् म्हातारीने मान फिरवली तर? इतक्या दिवसांच्या नकारानंतर फिरवलीन तर तिचं काय चुकलं? आपण मुलीला वळण लावलं लावलं म्हणून मिरवलो, आणि त्याच वळणाने पोरीला परमुलखात एकटं पाडलं. जयवंतराव दर थोड्या वेळाने "लागेल, लागेल" म्हणत होते, ते त्यांना आणि स्वतःलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उतू जात असताना फोन वाजला. चहा गेला चुलीत! दोघंही धावले.

पडद्यावर आधी माणसंच माणसं. झोळीत कौमुदी, अंगावर कुणाचीतरी रंगीत चादर. एक बाई वाफाळलेलं पातेलं ढवळतेय, दोन पोरी कौमुदीचे केस विंचरायला भांडताहेत, आणि दाराशी तीन होड्या बांधलेल्या.

"आई!" कौमुदी हसत होती. "हाक मारली. पहिल्यांदा वळलीच नाही गं ती. मग म्हटलं, आजी, मला वाडगा द्याल का? तशी होडी घेऊन आली. आधी स्वतः प्यायली, मग माझ्या तोंडाला लावला. आंबट ताकासारखं लागतं, तेवढं वाईट नाही. मग तिने गावभर आरोळी ठोकली. रात्रभर इथेच होते सगळे. माशाचा रस्सा पाजला. पाणी उकळून ठेवलंय. आता मला एकटी सोडतच नाहीत, उठून बसले तरी ओरडतात!"

अहल्याबाई मटकन खुर्चीत बसल्या. जयवंतराव चष्मा पुसायला लागले, तो काही केल्या स्वच्छ होईना.

तेवढ्यात पडद्यावर सुरकुतलेला, दोन दात गेलेला एक चेहरा पुढे आला. म्हातारीने काहीतरी विचारलं.

"विचारतेय, हीच का तुझी आई," कौमुदी म्हणाली. "आणि म्हणतेय, मुलगी आमची झाली, आता आई घरी आली आहे तर..."

म्हातारीने भरलेला वाडगा दोन्ही हातांनी थेट फोनपुढे धरला. पांढुरकं, फेसाळ, काठोकाठ. मागची बडबड थांबली. सगळं गाव बघत होतं.

"आई," कौमुदी हळूच म्हणाली, "त्यांना नाही म्हणायचं नसतं."

"मला शिकवू नकोस," अहल्याबाई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली, ओठांशी नेली, आणि शेवटच्या थेंबापर्यंत मान मागे टाकून प्यायल्या.