अस्थींसाठी राखलेली जागा

शामकांत धर्माधिकारी श्रीरामपुरात प्राचीन इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. हृदयात दोन स्टेंट बसल्यावर त्यांनी मरणाची तयारी सुरू केली, तीही अभ्यासपूर्वक.

"माझा दहावा-तेरावा काही करू नका," त्यांनी बायकोला सांगितलं. "अंगणात एक झाड लावतो. अस्थी त्याच्या मुळाशी घाला."

सुमेधाबाई मेथी निवडत होत्या. "अंगणात कुठे?" एवढंच त्यांनी विचारलं.

पूर्वेची जागा सरांनी ठरवून टाकली होती. तिथे सुमेधाबाईंची कपडे वाळत घालायची दोरी होती. ती मागच्या बोळात गेली. बोळात ऊन येत नसे.

आधी सरांनी पुण्याहून सरूचं रोप आणलं, कारण जुने रोमन लोक ते झाड थडग्यांपाशी लावत. एप्रिलात ते वाळलं. मग ऑलिव्ह आणलं, त्याला वाळवी लागली. दोन्ही वेळा खड्डे सरांनीच खणले, पाण्याच्या बादल्याही त्यांनीच वाहिल्या. तपासणीत डॉक्टर खूश झाले. "काय करता हल्ली?"

"मरणाची तयारी."

"चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले.

शेवटी दूध घालणाऱ्या वैजनाथने आपल्या बागेतलं डाळिंबाचं कलम आणून दिलं. सर हरखले. त्यांनी त्याला बसवून घेतलं आणि पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ल्यामुळे दरवर्षी तिथे परत जावं लागणाऱ्या ग्रीक मुलीची गोष्ट सांगितली. मग इजिप्तचं सांगितलं. तिथे देवाच्या आकाराच्या साच्यात माती भरून धान्य पेरत आणि तो थडग्यात ठेवत. मेलेल्यातून अंकुर फुटतो, असा त्याचा अर्थ.

"आमी नवरात्रात घट बसवतो, तसंच म्हना की," वैजनाथ म्हणाला.

इतकं सोपं करून सांगणं सरांना आवडलं नाही. तरी तो गेल्यावर त्यांनी ते वहीत लिहून ठेवलं.

डाळिंब मात्र रुजलं. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत त्याला फुलं आली. त्याच महिन्यात सुमेधाबाईंना ताप आला, न्यूमोनिया झाला आणि पाचव्या दिवशी त्या गेल्या.

मुलगी मधुवंती पुण्याहून आली होती. सर तिला म्हणाले, "आईच्या अस्थी डाळिंबाखाली घालू. जागा तयारच आहे."

"नको, बाबा. आईने मला सांगून ठेवलंय. सगळं रीतीप्रमाणे करायचं, प्रवरासंगमाला. आणि त्या झाडाखाली मला घालू नका, असंही म्हणाली होती."

सरांनी विचारलं, "मला का नाही सांगितलं तिने?"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

दहाव्याला संगमावर पिंड मांडले. समोरच्या झाडावर कावळे होते, पण खाली एकही येईना. मधुवंतीने हात जोडून सांगितलं, बाबांना सांभाळीन. कावळे हलले नाहीत. तासभर गेला, ऊन चढलं.

"इच्छा राहिली असेल काही," राधाकृष्ण गुरुजी म्हणाले. "बोलून टाका."

कावळा भुकेला असला की येतो, यापलीकडे त्यात काही नाही, असं सरांनी वर्गात तीस वर्षं सांगितलं होतं. ते उठले, पिंडापाशी गेले आणि कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "झाड काढतो. दोरी होती तिथे बांधतो."

ते मागे सरकताच कावळा उतरला. माणूस बाजूला झाला म्हणून तो उतरला, हे सरांना कळत होतं. तरी त्यांचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वैजनाथला बोलावलं.

"फुलोऱ्यात हाय की, सर."

"तोड."

वैजनाथने जमिनीलगत झाड तोडलं. सरांनी स्वतः दोरी बांधली आणि दोन सदरे धुऊन वाळत घातले.

दीड महिन्यात बुंध्यातून लालसर फुटवे आले. सरांनी ते कात्रीने कापले. पंधरा दिवसांत आणखी आले.

वैजनाथने ते पाहिलं. "असं कापून संपायचं न्हाई, सर. मुळासकट उपटून काढतो, अर्ध्या तासाचं काम हाय."

"नको," सर म्हणाले. "मी झाड काढायचा शब्द दिला होता. मुळांचं काही बोललो नव्हतो."

आणि कात्री आणायला ते घरात गेले.