डावा हात खिशात

टीव्ही बंद पडला आणि लेकीने लगेच फोन उचलला.

"मेकॅनिक बोलावते, बाबा."

"मग मी काय इतकी वर्षं भाजी विकत होतो?"

मागचं झाकण लेकीनेच उघडून दिलं. म्हाताऱ्याने उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर घेतला, डावा खिशात घातला. टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यातली जुनी सवय. प्लग काढला तरी टीव्हीत वीज साठून राहते. एकाच हाताने काम केलं, तर झटका छातीतून जात नाही. दुकानात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला त्याने हे ओरडून ओरडून शिकवलं होतं.

पण टोक आतल्या स्क्रूवर टेकेना. थरथरत इकडेतिकडे घसरत राहिलं.

"राहू दे ना, बाबा."

"गप्प बस गं. चष्मा धड नाही."

चष्मा धडच होता. दोघांनाही ठाऊक होतं.

मग त्याने डावा हात खिशातून काढला आणि उजव्याचं मनगट घट्ट धरलं.

आता दोन्ही हात थरथरू लागले.

परक्या माणसाचे असावेत तसा तो त्या हातांकडे बघत राहिला. मग स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"बोलाव कुणाला तरी," तो म्हणाला. "आणि हे बघ, मी या धंद्यात होतो, हे त्याला सांगू नकोस."