स्वयंपाकघरातला दुसरा फोन

मुलाने जेवता जेवता जाहीर केलं, की येत्या महिन्यापासून घरचा फोन बंद. सगळ्यांच्या मोबाइलवर हवं तेवढं बोलणं फुकट, मग तो डबा पोसायचा कशाला? सासूबाईंच्या घशात घास अडकला.

"वीज गेली तर?"

"मोबाइल चार्ज केलेला असतो."

"डॉक्टरांकडे हाच नंबर आहे."

"नवा देऊ."

पोरगा ऐकेना, आणि खरं कारण सांगायची तर सोयच नव्हती. खरं कारण स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं होतं: त्याच लाइनवरचा दुसरा फोन.

रोज दुपारी तीनला सून बाहेरच्या खोलीतून आपल्या आईला फोन लावायची. इकडे सासूबाई अलगद रिसीव्हर उचलायच्या आणि बोलायच्या बाजूवर तळहात दाबून उभ्या राहायच्या. आठ वर्षं, एक दिवस खाडा नाही! आणि त्यात वाईट ते काय हो? 'सासूबाईंच्या भाजीत मीठ जरा जास्तच असतं' हे कानावर आलं, त्यांनी मीठ कमी केलं. सुनेला निळा रंग आवडतो हे कळलं, तर पडदे निळे आणले. सासू मनकवडी आहे असं सुनेला वाटत असणार, या कल्पनेनेच त्या खूश असायच्या.

दुसऱ्या दिवशी मुलगा फोन बंद करायचा अर्ज टेबलावर ठेवून कामावर गेला. लाइन आईच्या नावावर, म्हणून सही तिचीच हवी होती.

तीन वाजले. सासूबाईंनी कुकर चढवला आणि रिसीव्हर उचलला.

"आई, मला पुन्हा नोकरीवर बोलावलंय गं," सून रडवेल्या आवाजात सांगत होती. "पण छोटीला शाळेतून कोण आणणार? सासूबाईंना तोंडावर विचारायला माझी जीभच रेटत नाही. आणि आता हा फोनही जाणार."

तेवढ्यात मेला कुकर शिटी देऊन मोकळा झाला.

"विहीणबाई," पलीकडून सुनेची आई म्हणाली, "गॅस बारीक करा आणि काय ते सांगून टाका. आठ वर्षं तुमचा कुकर ऐकतेय मी."

सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे ते मीठ, ते पडदे, सगळं त्यांनाच ऐकवलेलं! तळहात आपोआप बाजूला झाला.

"मी आणेन छोटीला," त्या कशाबशा म्हणाल्या. "खुशाल जा म्हणावं तिला."

"सांगते हं," विहीणबाई म्हणाल्या.

"त्यांना म्हणावं, फार बरं वाटलं," सून नाक ओढत म्हणाली.

संध्याकाळी मुलाने अर्ज पाहिला. सहीची जागा कोरीच होती.

"सही नाही करणार मी," सासूबाई म्हणाल्या. "या फोनवर तिघी एकदम बोलू शकतो."

"अगं, मोबाइलवर कॉन्फरन्स कॉल असतो की!"

सून ताटं मांडत होती. मान वर न करताच म्हणाली, "त्यात बोलावल्याशिवाय येता येत नाही."